हापूस ऑनलाइन विकणाऱ्या आमच्या रत्नागिरीच्या कंपनीवर मुंबई-पुण्याच्या ग्राहकांचा विश्वास कसा बसेल?

जाहिरातीआधी पेटीवरचा मजकूर सुधारा. ‘अस्सल हापूस’ सगळेच छापतात, कर्नाटकचा आंबाही त्याच नावाखाली खपतो. ग्राहक ते वाचतही नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे फळ त्याच भागातलं असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं आहे. त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते व्हा आणि तो क्रमांक, बागेचं गाव, तोडणीची तारीख, फळाचं वजन पेटीवर द्या. ‘कार्बाइडमुक्त’ एवढंच लिहू नका, कार्बाइडने फळं पिकवायला तशीही कायद्याने बंदी आहे. गवताच्या आढीत पिकवता की इथिलीनच्या चेंबरमध्ये, ते सांगा.

खरी कसोटी साक्याची. फळ बाहेरून निर्दोष दिसतं आणि कापल्यावर गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. हे ऑर्डर घेतानाच स्पष्ट करा: साका बाहेरून ओळखता येत नाही, कापलेल्या फोडीचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. मग घासाघीस नको. एका फळावरून घातलेला वाद सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि अख्खी इमारत हातची जाते.

अवकाळी पावसाने तोड लांबली तर ग्राहकाने विचारायच्या आत कळवा. ‘लवकरच’ नव्हे, नवी तारीख द्या. पाळता येईल अशीच.