'डिस्कस अबाउट' चूक आणि 'डिस्कशन अबाउट' बरोबर, असं का?

परभणीच्या एक ताई बँकेच्या परीक्षेची तयारी करायल्यात, त्यांनी विचारलंय की सराव पेपरात 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' हे वाक्य चूक धरलं आणि त्याच पेपरात खाली 'वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम' हे बरोबर धरलं, असं कसं? क्लासात विचारलं तर अपवाद आहे, पाठ करा, एवढंच उत्तर मिळालं म्हणे. सोबत अजून दोन वाक्यं पाठवलीत, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' आणि 'ऑलदो इट रेन्ड वेल, बट द क्रॉप फेल्ड'. दोन्हीवर लाल फुली आहे.

ताई, पहिल्याचं आधी सांगतो कारण त्यात सगळ्यात जास्त माल आहे आणि तो अपवाद तर अजिबातच नाही. आपण म्हणतो 'कापूस वेचला'. इथं वेचणं हे क्रियापद आहे, ते कापसाला थेट धरतं, मध्ये काही लागत नाही. आता तेच 'वेचणी' हे नाम वापरून बोला, 'कापसाची वेचणी केली'. लगेच 'ची' आला बघा. नामाला दुसरं नाम थेट धरता येत नाही, मध्ये काहीतरी जोड लागतेच. रान नांगरलं पण रानाची नांगरणी, पुस्तक वाचलं पण पुस्तकाचं वाचन, कुठूनही घ्या. इंग्रजीतही अगदी हेच चालतं, 'डिस्कस' क्रियापद आहे म्हणून प्रॉब्लेमला थेट धरतं, 'डिस्कशन' नाम आहे म्हणून त्याला 'अबाउट' किंवा 'ऑन' किंवा 'ऑफ' असली जोड लागते.

मग आपल्या तोंडात 'डिस्कस अबाउट' येतं कुठून? तर आपण मनात 'चर्चा केली' म्हणतो, आणि चर्चा हे नाम आहे. म्हणून 'प्रश्नावर चर्चा केली', 'प्रश्नाबद्दल चर्चा केली' असं होतं, आणि तो 'बद्दल' इंग्रजीत जाताना सोबतच जातो. मराठीत नुसतं क्रियापदही आहे बरं का, चर्चिणं, पेपरात वाचलं असेल, 'हा मुद्दा बैठकीत चर्चिला गेला'. तिथं मुद्द्यावर नाही आणि मुद्द्याबद्दलही नाही, नुसता मुद्दा. 'डिस्कस' म्हणजे हे चर्चिणं, एवढं डोक्यात बसलं की 'अबाउट' आपोआप गळून पडतं.

आणि हे एकट्या 'डिस्कस'पुरतं नाही, एकदा ही नजर आली की परीक्षेतली निम्मी अशी वाक्यं एकाच रांगेत उभी दिसतात. आपल्याला नाम घेऊन त्याला करणं, देणं, होणं लावायची सवय आहे, 'गावाचं वर्णन केलं' म्हणतो म्हणून 'डिस्क्राइब अबाउट' सुचतं, 'प्रकरणाची चौकशी केली' म्हणून 'इन्व्हेस्टिगेट इनटू', 'शिक्षणावर भर दिला' म्हणून 'एम्फसाइज ऑन', 'चहाची ऑर्डर दिली' म्हणून 'ऑर्डर्ड फॉर टी', आणि 'तिच्याशी लग्न केलं' म्हणून 'मॅरीड विथ हर'. ही सगळी क्रियापदं पुढच्या शब्दाला थेट धरतात. पण त्यांची नामं घ्या, जोड परत येते, 'एम्फसिस ऑन', 'ॲन ऑर्डर फॉर', 'अ व्हिजिट टू', 'ॲन आन्सर टू'. पेपर काढणारे नेमकी हीच जोडी पुढे-मागे ठेवतात कारण तिथंच पोरं अडकतात. एक सांभाळा, 'एंटर द रूम' बरोबर पण करार करायचा असला तर 'एंटर इनटू ॲन ॲग्रीमेंट' असतं, तिथं 'इनटू' काढू नका, अर्थच वेगळा आहे.

याचा अर्थ प्रत्येक इंग्रजी क्रियापद थेट धरतं असाही नाही. 'लिसन'ला 'टू' लागतोच, 'वेट'ला 'फॉर', 'डिपेंड'ला 'ऑन'. आपल्याकडे तरी कुठं एकच तऱ्हा आहे, त्याला भेटलो, त्याच्याशी बोललो, त्याच्यावर रागावलो, त्याच्याकडे मागितलं, चारही वेळेला माणूस तोच आणि प्रत्यय चार. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही, क्रियापद ऐकलं तेव्हा प्रत्ययासकटच ऐकलं. खरी पंचाईत आपला 'ला' करतो कारण तो एकटा लई कामं करतो. 'लातूरला पोचलो' म्हणून 'रीच्ड टू लातूर' होतं (नुसतं 'रीच्ड लातूर' पाहिजे), आणि 'मला सांगितलं' आणि 'मला म्हणाला' दोन्हीकडे 'ला'च असल्यामुळे 'टोल्ड मी' सारखं 'सेड मी' तोंडातून निघतं. 'टेल' माणसाला थेट धरतं, 'से' धरत नाही, त्याला 'टू' लागतो, 'एक्सप्लेन' आणि 'सजेस्ट' पण 'से'च्याच बाजूचे. म्हणजे 'एक्सप्लेन मी द सम' चूक, 'एक्सप्लेन द सम टू मी' बरोबर.

आता 'सिन्स थ्री इयर्स'. आपल्याकडे कुणी विचारलं की म्हणतो ना, 'तीन वर्षांपासून इथंच राहायलो'. या एका वाक्यात दोन गोष्टी इंग्रजीपेक्षा वेगळ्या आहेत आणि दोन्ही एकदम सोबत जातात म्हणून चूकही डबल होते. पहिली म्हणजे 'पासून'. २०२२ पासून, पोळ्यापासून, लहानपणापासून असं सुरुवातीलाही आपण 'पासून' लावतो आणि तीन वर्षांपासून, आठ दिवसांपासून असं मधल्या काळालाही तोच. इंग्रजीत ही दोन कामं वाटलेली आहेत. 'सिन्स' हा जुन्या इंग्रजीतल्या ज्या शब्दापासून आला त्याचा अर्थच 'त्यानंतर' असा होता, म्हणून त्याला ज्याच्यानंतर असं एक ठिकाण लागतं, आणि तीन वर्षं हे ठिकाण नाही, ती लांबी आहे, तिला 'फॉर'. कॅलेंडरवर जिथं बोट ठेवून इथून सुरू झालं असं सांगता येतं तिथं 'सिन्स', जे मोजावं लागतं तिथं 'फॉर'. लग्न झाल्यापासून, दहावीपासून, कालपासून हे सगळे 'सिन्स'कडे.

दुसरी गोष्ट काळाची. 'राहायलो' हा आपला चालू वर्तमान, पुणेरी मराठीत 'राहतोय' म्हणतील, मराठीला एवढं पुरतं कारण मागून चालत आलंय हे 'पासून'नं सांगून झालेलं असतं. इंग्रजीला पुरत नाही, मागं सुरू होऊन अजून चालू आहे हे तिथं क्रियापदातही दाखवावं लागतं, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग'च्या जागी 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स'. पेपरात कधी फक्त 'सिन्स' सुधारलेला पर्याय देतात आणि क्रियापद तसंच ठेवतात, तो घेऊ नका.

तिसरं वाक्य 'ऑलदो' आणि 'बट'चं. मराठीत जरी आलं की कान तरीची वाट बघतो. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं, जो-तो, आपली सगळी वाक्यं अशी जोडीनं चालतात, संस्कृतातही यद्यपि-तथापि आहेच. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एक अव्यय पुरतं. 'ऑलदो' ज्या वाक्याला लागतं ते दुय्यम होतं, ते पुढच्या मुख्य वाक्याला टेकून उभं राहतं. 'बट' मात्र दोन बरोबरीची वाक्यं जोडतं. दोन्ही लावले की एकीकडे पहिलं वाक्य दुय्यम केलं आणि दुसरीकडे त्याला बरोबरीला बसवलं, मग जोड जुळतच नाही. म्हणून एक काहीतरी काढा, 'ऑलदो इट रेन्ड वेल, द क्रॉप फेल्ड' किंवा 'इट रेन्ड वेल, बट द क्रॉप फेल्ड'. 'ऑलदो' सोबत 'येट' आलेलं जुन्या धाटणीच्या लिखाणात दिसेल, ते चालतं कारण तिथं 'येट' हे आपल्या 'तरी'सारखं नुसतं क्रियाविशेषण असतं, जोडायचं काम करत नाही. 'इफ' नंतर 'देन' चालतं तेही याच कारणानं. 'बिकॉज' आणि 'सो' एका वाक्यात मात्र नको, तिथं 'ऑलदो-बट'चाच हिशोब लागतो.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगून ठेवतो, 'तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही' यात आपण नाही दोनदा म्हणतो आणि ते बरोबर आहे, पण इंग्रजीत 'अनटिल यू डोन्ट कम' म्हणायचं नाही, 'आय वोन्ट ईट अनटिल यू कम'. 'अनलेस'मध्ये तर नकार आधीच मुरलेला असतो, त्याला वरून 'नॉट' कशाला.

तयारीसाठी म्हणाल तर प्रेपोझिशनच्या याद्या पाठ करण्यात मला काही दम वाटत नाही, दोनशे ओळींची यादी परीक्षेच्या हॉलमध्ये कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी वापरा, मोबाइलवर फुकट मिळते. ए. एस. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, तिथल्या मुलांना शब्दाचा अर्थ कळायचा पण तो वाक्यात बसवायचा कसा हे कळायचं नाही, अगदी आपल्यासारखंच. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९४२ साली टोकियोत एक डिक्शनरी काढली आणि तिच्यात क्रियापदांचे २५ साचे ठरवून कोणतं क्रियापद कोणत्या साच्यात चालतं ते दिलं, तीच पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापली. आजच्या डिक्शनऱ्यांत प्रत्येक क्रियापदाखाली ठळक अक्षरात साचा दिलेला असतो तो तिथूनच चालत आलाय. अर्थ बघून डिक्शनरी मिटू नका, खालची ती ओळ वाचा आणि वहीत नुसतं 'डिस्कस म्हणजे चर्चा करणे' न लिहिता 'डिस्कस समथिंग विथ समबडी' असं अख्खं लिहा, आणि त्याच्या शेजारी 'डिस्कशन अबाउट समथिंग' पण.