टोकाची मतं असलेल्या दोन गटांना एकत्र खेळवलं तर दुरावा खरंच कमी होतो का?

हो, कमी होतो, पण दोन्ही गट एकाच संघात असतील आणि जिंकायला एकमेकांची खरोखर गरज पडत असेल तरच. एकमेकांविरुद्ध खेळवलं तर तेढ उलट वाढते. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एका शिबिरात मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावल्या. बघता बघता शिवीगाळ आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्नच फेकलं! नुसत्या सहवासाने काही साधत नाही, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फरक पडला तो पाणीपुरवठा बंद पडला आणि ट्रक अडकला तेव्हा, कारण ही कामं एका गटाला एकट्याने जमण्यासारखी नव्हती.

म्हणून खेळ निवडताना प्रत्येकाकडे वेगळी माहिती किंवा कौशल्य असेल असा निवडा, जोड्या मिश्र करा, कुणालाही दुय्यम भूमिका देऊ नका. नैतिक वादाचे विषय पहिल्याच दिवशी काढू नका. आधी ओळख मुरू द्या.

एक मर्यादा मात्र आहे. इराकमध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले होते, त्यावरचा सलमा मूसा यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिश्चन खेळाडूंची मुस्लिम खेळाडूंशी मैदानावरची वागणूक स्पष्ट सुधारली, पण मैदानाबाहेर अनोळखी मुस्लिमांशी त्यांची वागणूक फारशी बदलली नाही.