कॅमेरा दिसला की जीभ टाळ्याला चिकटते

मागच्या अंकात घरगुती उद्योगाचे फोटो कसे काढावेत यावर लिहिलं आणि त्यावर जी पत्रं आली त्यात फोटोबद्दल कमी आणि स्वतःबद्दलच जास्त लिहिलेलं होतं. बहुतेक सगळी अबोल माणसं. माल उत्तम, हात तयार, गिऱ्हाईक एकदा आलं की तुटत नाही, पण मोबाईल समोर धरून बोलायचं म्हटलं की पोटात गोळा. मी स्वतः जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकते आणि स्वभावाने तशीच आहे, त्यामुळे ही पत्रं वाचताना फार आतून वाटलं. यावेळी त्यातल्या चार पत्रांना उत्तरं देते.

ताई नमस्कार, मी साताऱ्यात गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकते, नऊ वर्षं झाली. सगळं गिऱ्हाईक एकमेकांकडून ऐकूनच आलं. आता भाची म्हणते मावशी रील टाक नाहीतर मागे पडशील, तिने स्टँड आणि रिंग लाईटसुद्धा आणून दिला. मी "नमस्कार मैत्रिणींनो" म्हणायला गेले की घशाला कोरड पडते. एका रविवारी सतरा वेळा केलं आणि शेवटी सगळं डिलीट केलं. नंतर दोन दिवस मसाला भाजायला बसावंसंच वाटेना. मला हे जमणारच नाही का?

काकू, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. दोन दिवस भाजायला बसावंसं वाटलं नाही. रील नाही जमलं तर काही बिघडत नाही हो, पण ज्या कामात तुमचा जीव आहे त्याचीच गोडी जायला लागली तर मात्र तो रस्ता चुकीचा आहे. आणि रील भारतात आलं जुलै २०२० मध्ये, तुमचा मसाला त्याच्या आधीपासून लोकांच्या आमटीत पडतोय, त्यामुळे मागे पडायची भीती आधी काढून टाका.

आता मूळ अडचण. "नमस्कार मैत्रिणींनो" हे वाक्य तुमचं नाहीच. तुम्ही आयुष्यात कधी कुणाशी असं बोललात का? पण एखादी गिऱ्हाईक दारात येऊन म्हणाली, काकू यावेळी मसाला जरा काळपट का दिसतोय, तर तुम्ही तिला दहा मिनिटं समजावून सांगाल, खोबरं किती भाजलं, तीळ कधी घातले, दगडफूल यावेळी कसं आलं, सगळं, आणि एकदाही अडखळणार नाही. मग तेच उत्तर कंटेंट. समोर हजार लोक आहेत असं समजून बोलायचं हे आपल्यासारख्यांना झेपत नाही, एका माणसाला सांगायचं हे मात्र आपल्याला इतरांपेक्षा चांगलं जमतं, कारण आपण आधी नीट ऐकून घेतो.

तर असं करा. रिंग लाईट भाचीला परत देऊन टाका. पुढच्या वेळी मसाला कराल त्या दिवशी मोबाईल कढईकडे तोंड करून डब्याला टेकवून ठेवा, तुमचे फक्त हात दिसू देत, आणि तुम्ही नेहमीसारखं काम करत राहा. बोलायचं नाही. लवंग फुगते, तीळ तडतडतात, खोबऱ्याचा रंग बदलतो, हे बघायलाच लोकांना आवडतं. नंतर निवांत चहा घेताना त्या व्हिडिओखाली तीन-चार ओळी लिहा, बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहाल तशा. लिहायचा कंटाळा असेल तर बहिणीला खरंच व्हॉइस मेसेज पाठवा आणि भाचीला सांगा त्यातलं उतरवून घ्यायला.

काय लिहू हा प्रश्न पडेल. अहो, एका दगडफुलावरच महिनाभर पुरेल. ते फूल नाहीच, बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून तयार होणारी ती गोष्ट आहे, झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारी, हे माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणींना माहीत नसतं. त्यात माती असते, सालीचे तुकडे असतात, ते निवडायला किती वेळ जातो. प्रत्येक जिन्नस वेगळा का भाजायचा, सगळं एकदम कढईत टाकलं तर काय करपतं आणि काय कच्चं राहतं. हे तुमच्यासाठी रोजचं आहे म्हणून सांगण्यासारखं वाटत नाही, पण पाकीट विकत घेणारीला ते नवीन आहे आणि एकदा कळलं की तिला तुमच्या मसाल्याची किंमत महाग वाटत नाही.

रोज काहीतरी टाकायलाच हवं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भाजायच्या दिवशी सहा-सात छोटे व्हिडिओ होतात, ते एकेक करून महिनाभर पुरतात. बाकीचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तयारच आहे, चैत्र-वैशाखात कुरडया-सांडग्यांची गडबड, आषाढी एकादशीच्या आधी उपासाची भाजणी, श्रावण, मग गौरी-गणपती, दिवाळी. त्या त्या वेळी लोक आधीच त्याच गोष्टीचा विचार करत असतात, तुम्ही फक्त चार दिवस आधी एक फोटो टाकायचा.

मी पण एक वर्ष रोज पोस्ट टाकायचा हट्ट धरला होता आणि दिवाळीपर्यंत सुईदोरा हातात घेणं नको झालं होतं. मग ठरवलं की आठवड्यातून एकच फोटो, गोधडीच्या एकाच तुकड्याचा, आणि ती साडी कुणाची होती ते दोन ओळीत, अर्थातच त्या घरच्यांना विचारून. एका आजींच्या लग्नातल्या जांभळ्या इरकलीचा तुकडा होता, तो फोटो टाकल्यावर लोकांनी मला त्यांच्या आईच्या साड्यांबद्दल लांबलांब मेसेज लिहिले, आणि मला ते एकेक वाचायला आणि उत्तर द्यायला इतकं बरं वाटलं, कारण ते गर्दीशी बोलणं नव्हतंच, एकेका माणसाशी होतं. तेव्हापासून आठवड्याच्या त्या फोटोची मी वाट बघते.

ताई, मी मिरजेत तंतुवाद्य दुरुस्तीचं काम करतो, वय २६. आजोबा, वडील, आता मी. वडील फार बोलके, गिऱ्हाइकांशी तासन्‌तास गप्पा मारतात. मला काम आवडतं पण बोलणं नाही. सगळे म्हणतात आता पेज तू सांभाळ. मी इंट्रोव्हर्ट आहे की नुसताच लाजाळू हेही मला कळत नाही. माझ्यासारख्याने काय टाकायचं?

पहिल्या शंकेचं आधी सांगते. लाजाळू माणसाला बोलावंसं वाटतं पण लोक काय म्हणतील याची भीती वाटते. इंट्रोव्हर्टला भीती असेलच असं नाही, त्याच्या मनाचा ओढाच आतल्या बाजूला असतो आणि माणसांच्या घोळक्यात तो लवकर थकतो. हे शब्द रूढ केले कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने, १९२१ च्या त्याच्या पुस्तकातून, आणि त्याने हा काही आजार म्हणून सांगितला नव्हता. तू दोन्हीपैकी काहीही असलास तरी तुझ्या बाबतीत उत्तर एकच आहे, कारण तुझ्या धंद्यात बोलायची गरजच नाही रे. तुझ्याकडे तानपुरा आहे!

जवारी लावायच्या आधी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून आवाज खुलवायच्या आधी, वीस सेकंद तार छेडून रेकॉर्ड कर. जवारी झाल्यावर पुन्हा वीस सेकंद. दोन्ही एकापाठोपाठ जोड आणि खाली एवढंच लिही, फरक ऐकू येतोय का, हेडफोन लावून ऐका. झालं. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवताना आवाज अचानक जसा उघडतो, तो क्षण मी पहिल्यांदा एका मैत्रिणीकडे ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि तुझ्या दुकानात तर तो रोज घडतो.

फक्त थोडी काळजी घे. पंखा बंद कर, कान सरावलेला असतो म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही पण मोबाईलला येतो. त्यावर कुठलंही ट्रेंडिंग गाणं लावू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि हेडफोनचं मुद्दाम लिही कारण मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर खर्ज, म्हणजे तो खालचा जाड सूर, नीट येतच नाही, माणसाला वाटेल यात काय विशेष.

इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकलेलं २४ तासांत जातं. तुझं काम असं आहे की ते लोक शोधत येतात, तानपुऱ्याची जवारी कधी करावी, सतारीचा पडदा सरकला तर काय करावं, पावसाळ्यात वाद्य कसं ठेवावं. म्हणून मी तुला यूट्यूबवर जास्त भर द्यायला सांगेन, नाव अगदी साधं द्यायचं, गिऱ्हाईक फोनवर जसं विचारतं तसंच. असा एक व्हिडिओ तीन वर्षांनीही कुणीतरी बघतो आणि तोवर तुला काहीच करावं लागत नाही, आपल्यासारख्यांना हे फार सोयीचं.

आणि वडील बोलके आहेत ना, मग ते गिऱ्हाइकाशी बोलत असताना तू बाजूला बसून ऐक आणि एका वहीत प्रश्न लिहून ठेव. मोबाईल लावू नकोस, मग ते पण अवघडतील. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते किती वाळू द्यायचे, कुठला भोपळा सतारीला आणि कुठला तानपुऱ्याला हे निवडायचं कसं, हे त्यांच्या बोलण्यातून तुला मिळेल आणि लिहायचं तू. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बाहेरचे लोक आता या गोष्टी विचारतात आणि त्याची उत्तरं मिरजेतल्याच कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवीत असं मला मनापासून वाटतं. ते काम बोलक्या माणसापेक्षा तुझ्यासारखा शांत बसणारा जास्त चांगलं करेल.

आमचा वेंगुर्ल्याजवळ दोन खोल्यांचा होमस्टे आहे. फोटो टाकायला मला आवडतं, समुद्र, फणस, सकाळची घावनं, पण फोटो टाकला की मेसेज सुरू. प्राइस प्लीज, प्राइस प्लीज. रात्री साडेअकराला पण. एकेकाला उत्तर देऊन मी इतकी दमते की आता फोटोच टाकत नाही.

म्हणजे तुम्हाला कंटेंटचा त्रास नाहीये, नंतरच्या बोलण्याचा आहे, आणि हे वेगळं ओळखलंत हेच खूप झालं, कारण याच्यावर उपाय सोपा आहे.

आधी दर लपवू नका. फोटोखालीच लिहा, दोन माणसं, एक रात्र, नाश्त्यासकट इतके रुपये, मे महिन्यात आणि दिवाळीत इतके. दर लपवला की लोक चौकशी करतात आणि त्यातून गिऱ्हाईक मिळतं असं म्हणतात खरं, पण त्या चौकशीची किंमत तुमच्या झोपेने द्यावी लागते. दर वाचून जो येईल तो यायचं ठरवूनच येईल.

मग साधं व्हॉट्सअ‍ॅप काढून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, ते फुकट आहे. त्यात तयार उत्तरं साठवून ठेवता येतात, ५० पर्यंत, एकदा शांतपणे बसून तुमच्या भाषेत लिहून ठेवा, कसं यायचं, सावंतवाडी किंवा कुडाळ स्टेशनवरून किती वेळ, मासे मिळतील का, कुत्रा आणला तर चालेल का. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण उत्तर येतं. रात्री आठनंतर आपोआप जाणारा मेसेजही लावता येतो, सकाळी नऊनंतर उत्तर देते, असा. लोक रागावतील असं वाटतं ना? नाही रागावत हो. त्यांना फक्त मेसेज पोचला एवढं कळायला हवं असतं.

उत्तरं द्यायला दिवसातली एकच वेळ ठरवा आणि फोटो टाकल्या टाकल्या फोन आत ठेवून द्या. आणि जे लोक एकदा राहून गेलेत त्यांची एक ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम पण वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे नाहीतर मेसेज पोचत नाही. आंबा आला, पाऊस सुरू झाला, असा वर्षातून चार-पाच वेळा एक फोटो त्यांनाच पाठवा. दोन खोल्या भरायला तुम्हाला लाख फॉलोअर नकोत, ओळखीची दोनशे माणसं खूप झाली, आणि ओळखीच्यांशी बोलताना तुम्ही दमणार नाही.

फक्त हात दाखवले, चेहरा कधीच नाही, तर लोकांचा विश्वास कसा बसणार? सध्या फसवणूक इतकी वाढली आहे. (लाडू-चिवड्याचा घरगुती व्यवसाय, डोंबिवली)

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मी तुम्हाला गोड बोलून टाळणार नाही. दुसऱ्याचे फोटो उचलून पैसे घेणारी पेजेस आहेत, त्यामुळे या पेजमागे खरं माणूस आहे का हे गिऱ्हाईक बघतंच. पण त्यासाठी रोज चेहरा दाखवावा लागत नाही. खाण्याचा पदार्थ आहे तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, १४ आकडी नंबर पाकिटावर तर हवाच, पेजवरही दिसेल असा लिहा. गूगल मॅपवर तुमच्या व्यवसायाची नोंद करा, तिथे गिऱ्हाइकांनी स्वतः लिहिलेलं लोक वाचतात, आणि ते तुम्ही स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं असतं. लाडू मोडले म्हणून तुम्ही कधी पुन्हा पाठवले असतील तर तेही सांगा, लाजू नका.

आणि चेहऱ्याचा एक फोटो लावाच. एकच. घरातल्या कुणालातरी सांगा, मी लाडू वळत असताना मला न सांगता काढ. समोर बघायचं नाही, हसायचं नाही, लक्ष परातीत. तो प्रोफाइलला लावा आणि दोन वर्षं बदलू नका.