दातातली कीड शोधायला कोणता एक्स-रे?

नवीन दंत दवाखान्याबद्दल अभिनंदन! सोलापुरात पेशंटला तोटा नाही. पण पहिल्याच महिन्यात ओपीजी (सगळे दात आणि जबडा एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे) मशीनचा खर्च कशाला? अक्कलदाढा, जबडा यांसाठी ओपीजी छान. दोन दातांमधली कीड मात्र त्यात नीट कळत नाही, उपदाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

त्यासाठी बाइटविंग, म्हणजे दात मिटून काढलेला, वरच्या-खालच्या दाढांचे माथे दाखवणारा छोटा एक्स-रे. "शेंगाचटणी इथंच अडकते बघा" म्हणत पेशंट बोट लावतो ना, तिथं आधी बाइटविंग घे. ठणका मुळापर्यंत गेलाय असं वाटलं, तर आयओपीए, म्हणजे एक-दोन दात मुळाच्या टोकापर्यंत दाखवणारा छोटा एक्स-रे.

सुरुवातीच्या चुका, सगळ्या मी केलेल्या:

- एक्स-रे ट्यूबचा आडवा कोन चुकतो, शेजारच्या दातांच्या कडा एकावर एक येतात आणि कीड त्या पांढऱ्या पट्ट्यात लपते. होल्डर (सेन्सर तोंडात जागेवर धरणारी पकड) वापर. पेशंटला बोटानं सेन्सर धरायला लावू नकोस.
- दाताच्या मानेजवळची (हिरडीलगतची) काळी सावली म्हणजे कीडच, असं नाही. एकदा मी चांगल्या दाढेवर ड्रिल चालवणार होतो. कोन बदलून पुन्हा फिल्म काढली, तर सावली गायब!
- एक्स-रे स्वच्छ म्हणजे दात स्वच्छ, हेही खरं नाही. साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय कीड फिल्मवर उमटत नाही. म्हणून आधी दात वाळव, चांगल्या उजेडात बघ, मग एक्स-रे.

सीबीसीटीचं (त्रिमितीय स्कॅनचं) सध्या डोक्यातून काढ. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी मात्र मशीन वापरायच्या आधी.