ऑस्टिओपॅथी म्हणजे काय? हाडवैद्यासारखंच असतं का? कंबरदुखीला जावं का?

"हाडवैद्यासारखंच का" हे वाचलं आणि राहवलं नाही. नाही, सारखं नाही. ऑस्टिओपॅथी म्हणजे नीट तपासून हाताने स्नायू-सांध्यांवर उपचार करायची पद्धत.

आमची देवगडला कलमं आहेत. एप्रिलात पेट्या टेम्पोत चढवताना बाबांच्या कमरेत उसण भरली. अण्णांनी (बाबांचे थोरले भाऊ) त्याच संध्याकाळी वाडीतला पायाळू बोलावला, बाबांना ओट्यावर पालथं घातलं आणि त्याने कमरेवर तीनदा पाय दिला. "मणको सरकलो हा, बसात जाग्यार." तीन दिवसांत दोन्ही पायांना मुंग्या. मावसबहीण म्हापशाला असते, तिच्या ओळखीची एक ऑस्टिओपॅथ, इंग्लंडला शिकून आलेली, तिच्याकडे नेलं.

मला वाटलेलं आता हीपण मोडामोडी करणार. तर अर्धा तास नुसते प्रश्न, मग उभं करून, वाकवून बघितलं, पाठीवरून बोटं फिरवली, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेला कापूस लावून विचारलं कळतंय का. मग हळूच, "काका, लघवी नीट होते ना? बसायच्या जागी स्पर्श कळतो?" बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दोन दिवस कुंथावं लागत होतं, लाजेपोटी घरात बोललेच नव्हते. तिने तिथेच हात काढून घेतले, म्हणाली हे माझं काम नाही, नसांवर दाब आलाय, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. चिठ्ठी लिहिली, समोर बसून फोन केला. रात्रीच ऑपरेशन झालं. बाबा आज चालतात, फक्त डावी टाच बधिर आहे, चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही, आई मागून उचलून आणते.

तर ऑस्टिओपॅथी ही पद्धत अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८७४ मध्ये मांडली, तीन मुलं मेनिंजायटिसने गेल्यावर त्याचा त्या काळच्या औषधांवरचा विश्वास उडाला होता. हाताने स्नायू सैल करणं, सांधे हलवणं, ताण देणं, कधी झटका, वर घरी करायचे व्यायाम. तो कट् आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा, मणका "बसल्याचा" नाही. अण्णा, हे तुम्ही वाचाल म्हणून मुद्दाम लिहितोय. "हाताक कळता ता मशीनीक कळना नाय" म्हणता ना, तिच्याही हातालाच कळलं, पण तिने आधी विचारलं. आणि ऑपरेशनची घाई झाली असं अजूनही चारचौघांत म्हणता, ते कृपा करून थांबवा. नसांवर असा दाब आला आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

साध्या कंबरदुखीला जायला हरकत नाही, व्यायाम केलात तर थोडाफार फायदा होतो. दमा, पोटाचे आजार बरे करतो म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. अमेरिकेत डी.ओ. (तिथली ऑस्टिओपॅथीची पदवी) म्हणजे पूर्ण डॉक्टर, इंग्लंडमध्ये डॉक्टर नव्हे पण १९९३ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची. आपल्याकडे बोर्ड बघून आत शिरू नका, कुठे शिकलात, किती वर्षं, हे तोंडावर विचारा. ताप असेल, वजन उतरत असेल, हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टर.