वाइनमधून चालणारे विंडोजचे सॉफ्टवेअर बरोबर पासवर्डही का नाकारते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वागळे इस्टेटमधील कार्यालयातले संगणक आपण उबुंटू या लिनक्स प्रणालीवर नेले, गोदामाच्या नोंदींचे जुने विंडोज सॉफ्टवेअर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात) उघडते, परंतु महापे येथील सर्व्हरला जोडताना ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा संदेश येतो. तोच पासवर्ड शेजारच्या विंडोज संगणकावर चालतो. शिवाय डिजिटल सहीचे यूएसबी टोकनही या सॉफ्टवेअरला दिसत नाही. नवी मुंबईतील छोट्या कारखान्यांच्या संगणकांची देखभाल हेच माझे काम असल्याने ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते.

सर्वप्रथम पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहणे थांबवावे. अनेक कंपन्यांच्या डोमेनवर (कंपनीच्या सर्व संगणकांची व खात्यांची एकत्रित व्यवस्था) ठरावीक वेळा लॉग-इन फसले की खाते लॉक होते आणि मग मूळ दोष बाजूला राहून महाप्याला फोन करत बसावे लागते. पासवर्ड दुसऱ्या संगणकावर चालतो, त्याअर्थी खोट पासवर्डात नसून तो सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेत आहे. यासाठी आयकॉनवर क्लिक न करता टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) वाइनद्वारे प्रोग्रॅम सुरू करावा आणि लॉग-इनचे बटण दाबताच तेथे कोणत्या ओळी उमटतात त्या नीट वाचाव्यात. सॉफ्टवेअरचा संदेश मोघम असतो. वाइनचा सहसा नेमका असतो.

‘एनटीएलएम-ऑथ सापडले नाही किंवा जुने आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर काम सोपे आहे. एनटीएलएम ही विंडोजची ओळख पटवण्याची जुनी पद्धत असून वाइन त्यासाठी सांबा या, लिनक्सला विंडोजच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या, प्रकल्पातील एका छोट्या प्रोग्रॅमची मदत घेते. उबुंटूमध्ये तो ‘विनबाइंड’ या पॅकेजात मिळतो, मात्र वाइनबरोबर तो आपोआप बसतोच असे नाही. पॅकेज बसवून वाइनचे सर्व प्रोग्रॅम बंद करावेत व पुन्हा सुरू करावेत. त्यासाठी संगणक डोमेनला जोडावा लागत नाही. युजरनेम लिहिताना मात्र आधी डोमेनचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि त्यानंतर नाव, असे पूर्ण लिहून पाहावे.

‘जीएनयू टीएलएस’ ही सुरक्षित जोडणीसाठी लागणारी लायब्ररी लोड होत नसल्याची ओळ दिसली, तर सुरक्षित जोडणीच तयार होत नाही, म्हणजे पासवर्ड पाठवण्याची वेळच येत नाही. जुनी सॉफ्टवेअर बहुधा ३२ बिटची असतात आणि संगणकात ही लायब्ररी फक्त ६४ बिटची असते. तिची ३२ बिट आवृत्ती वेगळी बसवावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या वाइन ९.० पासून ३२ बिट प्रोग्रॅम ३२ बिट लायब्ररींशिवाय चालवण्याची नवी रचना उपलब्ध आहे, पण आपल्याकडील वाइन त्या रचनेने बांधलेले आहे का, हे आधी पाहावे.

आपले वर्णन वाचून माझा खरा संशय वेगळ्याच ठिकाणी जातो. गोदामाची अशी सॉफ्टवेअर पुष्कळदा थेट एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला जोडतात आणि त्यांच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज ऑथेंटिकेशन’ निवडलेले असते. याचा अर्थ असा, की सकाळी संगणक सुरू करताना कर्मचाऱ्याने डोमेनवर जे लॉग-इन केले, तीच ओळख सॉफ्टवेअर गुपचूप पुढे करते आणि लॉग-इनच्या खिडकीत टाकलेला पासवर्ड त्यानंतर, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या तक्त्यात तपासला जातो. उबुंटूवर अशी डोमेनची ओळखच नसते, त्यामुळे वाइनकडे पुढे करायला काही नसते आणि सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. महाप्याच्या प्रशासकाला सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या वेळेची नोंद पाहायला सांगावे. एरर क्रमांक १८४५२ असेल, तर ‘अविश्वसनीय डोमेनमधून आलेले लॉग-इन’ हा त्याचा अर्थ आहे आणि निदान पक्के झाले. १८४५६ हा मात्र लॉग-इन फसल्याचा सर्वसाधारण क्रमांक असून नेमके कारण त्याच नोंदीतील ‘स्टेट’च्या आकड्यावरून कळते. १८४५२ आल्यास सर्व्हरवर ‘मिक्स्ड मोड’ (विंडोजच्या ओळखीबरोबरच डेटाबेसच्या स्वतंत्र पासवर्डनेही प्रवेश देणारी व्यवस्था) सुरू करून आपल्या कार्यालयासाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र एसक्यूएल लॉग-इन तयार करून घ्यावे आणि सॉफ्टवेअरच्या जोडणीत ते भरावे. काही प्रशासक सुरक्षेचे कारण सांगून याला नकार देतात. तो नकार अगदीच अनाठायी नसतो, आणि तसे झाल्यास वाइनशी झटापट करण्यात वेळ घालवू नये.

घड्याळाकडेही एकदा लक्ष द्यावे. ज्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवले आहेत, तेथे विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स त्याच घड्याळात जागतिक वेळ आहे असे धरून चालते. परिणामी वेळ साडेपाच तासांनी सरकते. एरवी इंटरनेटवरून ती जुळून येते, परंतु कार्यालयाच्या फायरवॉलने ती वाट बंद केली असेल तर तशीच राहते. डोमेनवर ओळख पटवण्याच्या कर्बेरॉस पद्धतीत पाच मिनिटांहून जास्त फरक साधारणपणे चालत नाही. हीच फायरवॉल सुरक्षित जोडण्या उघडून तपासत असेल, तर कंपनीचे मूळ प्रमाणपत्र (रूट सर्टिफिकेट) उबुंटूच्या प्रमाणपत्रांत घालावे. वाइन ते तेथूनच उचलते.

राहिला प्रश्न टोकनचा. विंडोजचा ड्रायव्हर वाइनमध्ये बसवून टोकन दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. सहीसाठी एक विंडोज संगणक राखून ठेवणेच बरे. मात्र टोकन त्या संगणकाला लावून आपण उबुंटूवरील रेमिना या प्रोग्रॅममधून रिमोट डेस्कटॉपने (दुरून तो संगणक वापरण्याच्या सोयीने) आत शिरलात, तरी टोकन बहुधा दिसणार नाही, कारण रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज त्या संगणकाला लावलेले स्मार्ट कार्ड (टोकनही विंडोजच्या लेखी असेच कार्ड) न दाखवता जोडणाऱ्याच्या संगणकाचे कार्ड शोधते. सही करायची असेल तेव्हा त्या संगणकापुढे जाऊनच बसावे.