श्रीरामपूरची मंडळी: वाचकांचे प्रश्न

*इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीच्या मराठी व्याकरणावर (१८०५) गेल्या अंकात टिपण आलं. त्यात श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांच्या समूहाचा, ओझरता उल्लेख होता. (बॅप्टिस्ट हा जाणत्या वयात, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारा प्रोटेस्टंट पंथ.) त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची ही उत्तरं.*

प्रश्न: हे श्रीरामपूर म्हणजे नगर जिल्ह्यातलं का? तिथे ही मंडळी कुणी सुरू केली?

नाही. हे बंगालमधलं श्रीरामपूर, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या पश्चिम काठावर. १८००मध्ये ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि मंडळी तिथे रुजली ती त्यामुळेच. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देत नव्हती. कॅरी १७९३मध्ये बंगालमध्ये आला, पण त्याला मालदा भागात निळीच्या कारखान्यावर नोकरी करत दिवस काढावे लागले. १७९९च्या ऑक्टोबरात मार्शमन, वॉर्ड हे मिशनरी आणि त्यांचे साथीदार आले, ते थेट डॅनिश हद्दीत उतरले. तिथल्या गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही येऊन मिळाला आणि त्याच एप्रिलात त्यांनी रीतसर मंडळी स्थापन करून कॅरीला पाळक (मंडळीचा धर्मगुरू) निवडलं.

त्या दिवशी सभासदांत एकही बंगाली नव्हता. कॅरीला येऊन तोवर सहा वर्षं उलटली होती. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनमधल्या डॉ. जॉन थॉमसने तो बसवला आणि तिथून बोलणं सुरू झालं. २२ डिसेंबरला कृष्ण आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवले. गावात गदारोळ उठायला तेवढं पुरेसं होतं. २८ डिसेंबरला हुगळीत बाप्तिस्मा झाला तो कृष्ण पालचा आणि कॅरीचा थोरला मुलगा फेलिक्स याचा. गोकुळ आणि घरातल्या बायका ऐनवेळी थांबल्या. त्यांचे बाप्तिस्मे पुढे झाले.

प्रश्न: वेगवेगळ्या जातींचे लोक एका मंडळीत टिकले कसे?

यासाठी त्या मंडळीने पहिल्या तीन वर्षांत जे केलं ते बारकाईने पाहावं. ब्राह्मण घरातला कृष्णप्रसाद मंडळीत आला, तेव्हा प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीचा) प्याला सुतार कृष्ण पालच्या हातून त्याच्याकडे गेला. १८०३मध्ये त्याचं लग्न कृष्ण पालच्या मुलीशी लागलं. त्याच वर्षी गोकुळ वारला. जातीबाहेरच्या माणसाच्या प्रेताला कोण हात लावणार? मार्शमन, फेलिक्स कॅरी, बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण भैरव आणि मुसलमान घरातून आलेला पीरू या चौघांनी पेटी उचलली.

पंगत, लग्न आणि खांदा या तीन गोष्टींवर जात उभी असते. तिथे तडजोड झाली की मंडळीत दोन प्याले येतात, मग दोन दफनभूमी येतात. हे पुढे भारतात बऱ्याच ठिकाणी घडलं. श्रीरामपूरकरांनी सुरुवातीलाच ठाम भूमिका घेतली, हे त्यांचं सर्वांत मोठं काम, असं आम्हाला वाटतं. त्यांनी चालवलेल्या छापखान्याहूनही मोठं! नावं मात्र त्यांनी बदलली नाहीत: कृष्ण पाल शेवटपर्यंत कृष्ण पालच राहिला आणि त्याच नावाने प्रचारक झाला.

प्रश्न: आज बॅप्टिस्ट मंडळी सुरू करायची तर किती माणसं लागतात? परवानगी कुणाची?

आकडा ठरलेला नाही. वरून परवानगी देणारा बिशपही नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते, हा बॅप्टिस्टांचा कणा आहे. पण आठ-दहा कुटुंबं तरी नियमित येत असल्याशिवाय घाई करू नये. नाहीतर एक नोकरदार बदली होऊन गेला की खजिनदारही जातो आणि पेटीवादकही.

सहसा आधीची एखादी मंडळी आपल्या देखरेखीखाली घरातली उपासना सुरू करून देते. वर्ष-दोन वर्षांनी करारनामा लिहिला जातो: आपण काय मानतो, एकमेकांशी कसं वागू, दान कसं देऊ. तो सर्वांसमोर वाचून सह्या होतात. सभासदांची वही त्या दिवशी सुरू होते. दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्याने तिथलं पत्र आणायचं, म्हणजे एक माणूस दोन वह्यांत राहत नाही. मग सभासद मतदानाने पाळक आणि डीकन (पाळकाला कारभारात मदत करणारे सेवक) निवडतात. श्रीरामपूरकरांनी १८०५मध्ये आपसांतला करार लिहिला आणि तो वर्षातून तीनदा जाहीर वाचायचा असं ठरवलं. ही सवय उचलण्याजोगी आहे, कारण सह्या करून कपाटात ठेवलेला करारनामा भांडणाच्या दिवशीच बाहेर येतो.

भांडण बहुधा जागेवरून होतं. श्रीरामपुरातही तेच झालं. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून महिना ५०० रुपये मिळवू लागला, पुढे पगार वाढला. घरखर्चापुरतं ठेवून बाकीचं सगळं सामायिक खात्यात जाई. त्यातून घेतलेल्या इमारती कुणाच्या, श्रीरामपूरकरांच्या की त्यांना पाठवणाऱ्या इंग्लंडच्या मिशनरी सोसायटीच्या, यावर वाद इतका पेटला की १८२७मध्ये दोघं वेगळे झाले. पुन्हा एकत्र आले ते १८३७मध्ये, कॅरी वारल्यावर तीन वर्षांनी. म्हणून जागा कधीही पाळकाच्या नावावर घेऊ नका. महाराष्ट्रात विश्वस्त संस्था करून तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज करा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. पुढे जमीन विकायची झाली तरी आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

प्रश्न: पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देताना धोका नसतो का?

पूर्वतयारी असेल तर नसतो. पाणी कमरेच्या वर, छातीच्या खाली असावं, म्हणजे साधारण साडेतीन फूट. ८ बाय ५ फुटांचं टाकं तेवढं भरायला जवळपास ४ हजार लिटर पाणी लागतं. घरगुती नळाला ते भरायला कित्येक तास लागतात, म्हणून आदल्या दिवशीच सुरुवात करावी. नदीत उतरण्याआधी तळ काठीने तपासून घ्यावा. हुगळीसारख्या ठिकाणी भरती-ओहोटीची वेळही पाहावी लागते.

उमेदवार हात छातीवर धरतो. पाळक एक हात त्याच्या हातांवर आणि दुसरा मानेखाली-पाठीशी ठेवून त्याला मागे झुकवतो. चूक होते ती इथे: माणूस घाबरून कंबर ताठ ठेवतो, मग पाय सुटतात आणि सगळा भार पाळकावर येतो. आधी कोरड्या जमिनीवर दोनदा सराव करून घ्या आणि 'गुडघे वाकवा' एवढंच सांगा. उंच, वजनदार माणसासाठी पाण्यात दुसरा माणूस उभा करा. कपडे जाड आणि गडद रंगाचे हवेत. साडी किंवा झगा पाण्यावर तरंगतो, म्हणून काठात वजन शिवून घेतात. वायर असलेला माईक पाण्याजवळ अजिबात नको.

प्रश्न: आमचं घराणं मराठी मिशनच्या मंडळीतलं. लहानपणी बाप्तिस्मा झालाय. बॅप्टिस्ट तो मानतात का?

बहुतेक बॅप्टिस्ट मंडळ्या मानत नाहीत. स्वतः विश्वासाची कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्माच त्यांच्या लेखी बाप्तिस्मा. काही मंडळ्या मात्र जुना बाप्तिस्मा गृहीत धरून सभासद करून घेतात. जिथे जाणार तिथल्या पाळकांना आधीच विचारा.

तुमच्या प्रश्नाची मुळंही याच गोष्टीत आहेत. १८१२मध्ये अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेने आपली पहिली तुकडी भारताकडे पाठवली. तिच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला आले आणि १८१३मध्ये तुमचं मराठी मिशन सुरू झालं. त्याच तुकडीतला ॲडोनिराम जडसन जहाजावर नवा करार वाचता वाचता बालबाप्तिस्म्याबद्दल साशंक झाला. श्रीरामपूरकरांनी कोलकात्यात १ जानेवारी १८०९ रोजी उघडलेल्या लाल बाजार चॅपलमध्ये वॉर्डने सप्टेंबर १८१२मध्ये त्याला आणि त्याची पत्नी ॲन हिला बाप्तिस्मा दिला. जडसन ब्रह्मदेशात गेला. त्याच्या पाठीशी अमेरिकेतले बॅप्टिस्ट उभे राहिले. १८३६मध्ये ते आसामात सदियाला पोचले आणि तिथून नागा टेकड्यांकडे वळले. गोधुला नावाचा आसामी प्रचारक मोलुंगकिमोंग या आओ नागांच्या गावात आधी जाऊन राहिला. १८७२मध्ये तिथले नऊ जण त्याच्याबरोबर शिबसागरला उतरले आणि दिखू नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच डिसेंबरात मिशनरी क्लार्क वर गावात गेला आणि नागांची पहिली मंडळी उभी राहिली.